काट्यावरून उतरल्यावर

"मॅडम, खाली उतरा आणि मधोमध उभ्या राहा. काटा बरोबर आहे की नाही, आत्ता कळेल."

छोटे मालक असं म्हणाले तेव्हा मला मस्करी वाटली. मी केबिनमध्ये बसलेलीच राहिले. त्यांनी काचेवर अंगठीनं टकटक केलं.

"ऐकू आलं नाही?"

पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून त्यांची जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायची गिरणी. कापसाच्या गाड्या आत येतात, जमिनीत बसवलेल्या लोखंडी काट्यावर चढतात. आधी भरलेली गाडी मोजायची, मग रिकामी. मधला फरक म्हणजे कापूस. मी काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर पावत्या काढायचे. बी.कॉम. झाले होते. माझे बाबा त्याच आवारात हमाल. गाडीवर चढून कापूस खाली लोटायचे. त्यांनीच मोठ्या मालकांसमोर हात जोडून मला ही खुर्ची मिळवून दिली होती.

त्या दुपारी महागावकडचा एक शेतकरी तक्रार करत होता. "घरून मोजून आणला कापूस. तुमचा काटा मारून राह्यला." मागं गाड्यांची रांग. छोटे मालक दोन मित्रांना घेऊन जिनिंग दाखवायला आले होते. जेवण झालेलं. मूड चांगला.

काटा तपासायची लोखंडी वजनं गोदामात असतात. कोणीतरी आणायला निघालं.

"राहू दे रे," छोटे मालक म्हणाले. "आपल्याकडे फिक्स वजन आहे ना. बसूनच असतं."

मी उतरले. काट्यावर गेले. ट्रक उभा राहतो तिथं मधोमध उभी राहिले. केबिनवर लाल आकड्यांचा मोठा बोर्ड आहे, लांबच्या ड्रायव्हरला दिसावा म्हणून. त्या काट्याला पाच किलोच्या खालचं काही कळत नाही. माणूस मोजायला तो बनवलेलाच नाही.

पंच्याण्णव.

मग रांगेतून शिट्टी आली.

"एक उडी मारा ना मॅडम," एक मित्र म्हणाला. "आकडा हलतो का पाहू."

मी उडी मारली नाही. त्या दिवशी न केलेली ती एकच गोष्ट.

छोटे मालक माझ्या खुर्चीवर बसले. पावती टाइप केली. प्रिंट काढली आणि काट्यावर येऊन सगळ्यांना वाचून दाखवली. वाहन: पायी. मालाचा प्रकार: चरबी. वजन: पंच्याण्णव.

"सही करा. ऑपरेटर तुम्हीच आहात."

मी सही केली. रोजच्यासारखी लफ्फेदार सही झाली. ती पावती त्यांनी केबिनच्या काचेला बाहेरून चिकटवली. "संध्याकाळपर्यंत काढायची नाही." तिच्यामागं बसून मी उरलेल्या सगळ्या गाड्यांच्या पावत्या काढल्या. प्रत्येक जण खिडकीशी यायचा, आधी काच वाचायचा, मग मला पाहायचा. तक्रार करणारा शेतकरीसुद्धा हसत गेला. त्याचं भांडण माझ्यावर भागलं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण काट्यावर उभी असताना मी वर पाहिलं होतं. बाजूच्या गाडीत, कापसाच्या ढिगावर बाबा उभे होते. केसात कापूस. तोंड उघडं.

ते हसत होते.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालुक्याच्या मैदानावर गेले. ठरवलं होतं, हंगाम संपायच्या आत त्याच काट्यावर पुन्हा उभी राहीन आणि तो आकडा खाली आणून दाखवीन. सगळ्यांसमोर. माझ्याकडं बूट नव्हते. चपलेवर गेले. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावल्या.

मैदानाच्या कडेनं दिव्यांचे खांब आहेत. पहिल्या खांबापासून धावायला लागले. डोळ्यांसमोर छोट्या मालकांचं तोंड. दात आवळलेले. वाटलं, या रागावर मी थेट हैद्राबादपर्यंत जाईन.

राग दुसऱ्या खांबापर्यंत टिकला. पुढं पाय लागतात, छाती लागते. ते माझ्याकडं नव्हतं. मी खांबाला धरून वाकले आणि ओकले. रात्रीची भाजी मातीत पडली.

पुस्तकात वाचतो तसं नसतं ते. जाड माणूस धावतो तेव्हा आधी मांड्या सोलतात. रक्त निघतं. लघवीला बसलं की आग होते. मी खोबरेल तेल लावायला शिकले, आतून घट्ट पायजमा घालायला शिकले. छाती हलते म्हणून दोन ब्रा घातल्या, तर श्वास कोंडला. गुडघे असे धरले की केबिनच्या पायऱ्या मी कठड्याला लोंबकळत चढायचे. छोट्या मालकांनी ते पाहिलं.

"काय मॅडम, टायर पंक्चर?"

घरी माय म्हणायची, "कायले जीव काढून राह्यली? आंगानं भरली म्हणून पोरगी वाईट होत नाही." आणि दुसऱ्याच वाक्यात, "मुकुटबनचा पाहायले आलेला पोरगा याच्यानंच तर नाही म्हणला." मायचं असंच. एका हातानं भाकर वाढायची, दुसऱ्या हातानं टोचायची.

मैदानावर सकाळी बायकांचा एक ग्रुप चालायला यायचा. गावातली चांगली घरं. डॉक्टरीण बाई त्यांच्यात पुढं. सगळ्यांचे बूट पांढरे. काही दिवस त्यांनी मला फक्त पाहिलं. मग एका सकाळी डॉक्टरीण बाईंनी मला थांबवलं. आवाज गोड.

"तू जिनिंगमधल्या हमालाची मुलगी ना? छान हं, करतेस ते. फक्त एक कर, त्या कुंपणाकडच्या बाजूनं धाव. इकडं आमची प्राणायामाची जागा आहे. तू गेलीस की धूळ उडते."

मी मान हलवली.

"आणि भात कमी कर. तुमच्या लोकांत भात फार खातात. पोटं भरतात, पोषण होत नाही."

आमच्या घरी ज्वारीची भाकर असते. भात सणाला, नाहीतर पाहुणा आल्यावर. हे मी बोलले नाही. कुंपणाकडं गेले. तिकडं काटे होते, फुटक्या बाटल्या होत्या आणि पलीकडच्या वस्तीतली माणसं डबा घेऊन त्याच बाजूला बसायची. मी त्यांच्यासमोरून धापा टाकत जायचे. ते लाजायचे, मीपण लाजायचे. पांढऱ्या बुटांना लाज नव्हती.

एकदा मागून ऐकू आलं. "बिचारीचा उत्साह आठ दिवसांचा." हसल्या. "या लोकांचं टिकत नाही गं काहीच."

आणि खरंच टिकलं नाही. थंडी वाढली, कापसाच्या गाड्या दुप्पट झाल्या, रात्री उशिरा घरी यायचे. पाळी आली. मेडिकलच्या दुकानातल्या छोट्या काट्यावर चढले तर वजन जिथल्या तिथं. एवढं ओकून, सोलून, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी उठलेच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मला आतून कोणीतरी सांगायला लागलं, डॉक्टरीण बाई बरोबर होत्या. पावतीवर लिहिलं होतं तेच तू आहेस. सही तुझीच आहे.

आळस केला की माणूस स्वतःला शिव्या देतो, ते मला माहीत होतं. पण त्या शिव्या माझ्या आवाजात नव्हत्या. छोट्या मालकांच्या आवाजात होत्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसले. मी रोज पहाटे मैदानावर नेलं होतं ते कोणाला? त्यांनाच. पहिल्या खांबापासून ते माझ्या पाठीवर बसलेले. मी त्यांना घेऊन धावत होते.

*

बाबांशी मी तेव्हापासून बोलत नव्हते. ते विचारायचे नाहीत, मी सांगायचे नाही. एका रविवारी माय बाजारात गेली होती. बाबा ओट्यावर पायातला काटा काढत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुम्ही काहून हासले?"

त्यांनी सुई थांबवली. कधी, असं विचारलं नाही.

"मालक हासले," ते म्हणाले.

"म्हणून?"

"सारे हासले. मी एकटाच कसा तोंड बंद करून राहू? पाह्यलं असतं त्याहीनं."

"काट्यावर मी होती, बाबा."

मग बाबा बोलले ते अजून माझ्या कानात आहे. त्यांनी ते काही पश्चात्तापानं सांगितलं नाही. गाडीत किती कापूस आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

"मी तुह्याकडं पाह्यलंच नाही. मी मालकाच्या तोंडाकडं पाहत होतो. इतकी वर्सं तेच पाहून राह्यलो. ते हासले का आपलं तोंड आपोआप उघडते."

मला वाटलं होतं, ते रडतील. नाहीतर चिडतील. त्यांनी सुई पुन्हा टाचेत घातली.

मी घराबाहेर पडले. चपला घातल्या एवढंच कळलं. पाय मैदानाकडं गेले. चार वाजले असतील. ऊन होतं, कोणीच नव्हतं. ना पांढरे बूट, ना कुंपणाकडचे. मी धावायला लागले. हळू. इतकं हळू की चालणारं माणूस पुढं जाईल. काही ठरवलं नव्हतं. कोणाचं तोंड समोर नव्हतं, कारण मला कोणाच्याच तोंडाकडं पाहायचं नव्हतं. बाबांचं ते आपोआप उघडणारं तोंड माझ्यात किती आलं आहे, याचंच भय वाटत होतं. मीपण तेच तर करत होते. मालकांचं तोंड पाहून हसायच्या ऐवजी मालकांचं तोंड पाहून धावत होते.

एका जागी थांबले आणि मागं पाहिलं. दुसरा खांब केव्हाच मागं पडला होता. तिसराही. कानात नुसता श्वास वाजत होता, भात्यासारखा, बेसूर. तो माझा होता. त्यात दुसरं कोणी नव्हतं.

त्यानंतर मी आकडा पाहणं सोडलं. दम लागला की चालायचे, दम परत आला की धावायचे. कधी चुकायचं, तर चुकायचं. शिव्या ऐकू आल्या की आधी आवाज कोणाचा आहे ते ओळखायचे. आणि कुंपणाची बाजू सोडली. एका सकाळी सरळ प्राणायामाच्या जागेच्या बाजूनं गेले. डॉक्टरीण बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"धूळ," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले, आणि गेले.

मी फार बारीक झाले नाही. हे सांगून ठेवते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. कपडे थोडे सैल झाले. केबिनच्या पायऱ्या कठड्याविना चढायला लागले. एवढंच. पण छोट्या मालकांना तेवढंही दिसलं.

*

हंगाम संपता संपता गावात एक दौड ठरली. आरोग्यासाठी वगैरे. पैसा छोट्या मालकांचा, टी-शर्टवर जिनिंगचं नाव. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदा खुर्ची दिली.

"तुम्ही धावायला लागलात म्हणे. गुड. रविवारी दौडीत यायचं. मग स्टेजवर बोलवीन. दोन मिनिटं बोला. मालकांनी मला आरसा दाखवला, त्या दिवशी वाईट वाटलं, पण तोच माझा टर्निंग पॉइंट. असं काहीतरी. लोकांना मोटिव्हेशन मिळतं."

मी खुर्चीच्या कडेला बसून होते.

"त्या दिवशी मी हसलो नसतो, तर तुम्ही उठला असतात का खुर्चीवरून? खरं सांगा."

रविवारपर्यंत मी तो प्रश्न चघळत होते. ते खरं तर नसेल? अपमान झाला नसता, तर मी मैदानावर गेले असते का? माणसाला मारायचं आणि तो लंगडत चालायला लागला की म्हणायचं, बघा, मी चालायला शिकवलं. एवढं साधं होतं. पण ते उमगायला मला तीन दिवस लागले.

दौडीत मी शेवटची होते. टी-शर्ट अंगात शिरला नाही, माझाच कुडता घातला. पाठीमागं आयोजकांची जीप, रस्ता मोकळा करायचा म्हणून सारखी हॉर्न देत. "चलो ताई, चलो, बसून जा ना गाडीत." पोट्टे मोबाइल धरून बाजूनं सायकली चालवत होते. मी बसले नाही. पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि भाषणं सुरू होती.

छोट्या मालकांनी मला पाहिलं आणि माइकवर माझं नाव घेतलं. मग माझ्या आधी स्वतःच गोष्ट सांगितली. काटा, लाल आकडा, पावती, मालाचा प्रकार. छान रंगवून. सगळं गाव हसलं. डॉक्टरीण बाई रुमालाआड हसल्या. म्हणजे मला दुसऱ्यांदा काट्यावर चढवलं, आणि या वेळी टाळ्याही होत्या.

"आणि आज बघा," ते म्हणाले. "कधी कधी कडू औषध द्यावं लागतं. बोला मॅडम."

माइक हातात आला. माझा श्वास अजून बसला नव्हता. तो स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू जात होता.

"यायनं मले औषध नाही देल्लं," मी म्हणाले. बी.कॉम.ची भाषा तोंडात आलीच नाही, घरचीच आली. "यायनं मले जनावरासारखं मोजलं. आन आत्ता पुन्हा मोजलं, तुमच्यासमोर. तुम्ही हासले. यायच्या रागानं मी धावली तवा ओकली होती. यायले डोक्यातून काढलं, तवा धावता आलं. माहं धावणं यायनं देल्लं नाही. यायचे मी आभार मानत नाही."

कोणीतरी माइक ओढला. स्पीकरवर गाणं लागलं. टाळी एकही वाजली नाही. मी पायऱ्या उतरताना डॉक्टरीण बाईंचा आवाज आला, "किती कृतघ्न."

*

सोमवारी माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी होती. मला सांगितलं, तुम्ही सरकीच्या शेडमध्ये जा, झाडायला. मी म्हणाले, मी काटा चालवायला कामाला लागले होते, झाडायला नाही. मग गेटवरच्या माणसानं गेट उघडलं. बाहेरच्या बाजूनं.

बाबा संध्याकाळी आले. त्यांना कोणी काढलं नव्हतं. त्यांना फक्त एक काम सांगितलं होतं.

"उद्या चाल माह्यासंग. मोठ्या मालकाच्या पाया पड. ते म्हणले, पोरगी हाय, चुकली."

"मी चुकली नाही."

"चुकायची गोष्ट कायले करतं? पाया पडाची गोष्ट करून राह्यलो मी."

"नाही बाबा."

"मग मले बोलू नको."

ते बोलत नाहीत. अजून त्याच आवारात गाड्या खाली करतात. माय मधे उभी राहून दोघांचे निरोप सांगते. मी बसस्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात बसते. गावात कुठंच मला काट्याच्या कामावर ठेवत नाहीत, नाव सांगितलं की पुरतं. ज्या मुलीला माझी खुर्ची मिळाली ती रस्त्यात दिसली की दुसरीकडं पाहते. तिला दोष देत नाही. तिलाही कोणाचं तरी तोंड पाहून राहायचं आहे.

परवा सकाळी छोटे मालक मैदानावर आले. माझ्या बाजूनं चालायला लागले. मी धावत होते आणि ते चालत होते, तरी ते मागं पडत नव्हते. माझं धावणं एवढंच आहे. त्यांनी ते दाखवून दिलं.

"बघा, मी चालतोय," ते हसून म्हणाले. "एवढा कसला तोरा? सॉरी म्हणा, खुर्ची परत घ्या. तुमच्या बाबांचाही विचार करा. वय झालं त्यांचं. उद्या त्यांना कोण ठेवेल?"

धमकी होती. मला कळली. छाती भरून आली होती, बोलायला श्वास पुरत नव्हता. मी थांबून बोलले असते तर नीट बोलले असते. थांबले नाही.

"बाबाले काढाल," मी धापा टाकत म्हणाले, "त मी तुमच्या गेटवर बसीन. रोज. पण सॉरी नाही."

ते थोडं पुढं आले. मग थांबले. मी गेले.

बाबांना उद्या काढतील. काढू शकतात. बाबा त्याचं पाप माझ्या डोक्यावर ठेवतील आणि माय रडेल. मी सॉरी म्हणणार नाही. वजन जसंच्या तसं राहिलं, वाढलं, शेवटपर्यंत मी सगळ्यांच्या मागून आले, तरी नाही. बारीक झाल्यावर मिळणारी इज्जत मला नको, जाड आहे तशीच मला ती आजच पाहिजे, आणि दिली नाही तर मी मागायला येणार नाही, भांडायला येईन.

आणि धावणं सोडणार नाही. काहून धावते, ते यापुढं कोणाला सांगणार नाही. ज्यांना विचारायचं आहे, त्यांनी आधी बाजूला व्हावं.